लेकरू पाळण्यातून पलंगावर येते तेव्हा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज मला त्याच पायांविषयी लिहायचे आहे. पण ते पाळण्याबाहेर पडल्यानंतरच्या दिवसांविषयी. दीड ते तीन वर्षे हा तो काळ. पाळण्यात किंवा झोळीत झोपणारे लेकरू एके दिवशी बाजेवर, दिवाणावर किंवा खाली अंथरुणावर झोपू लागते. घरात त्याचे कौतुक होते, फोटो निघतात. पण एक गोष्ट बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. कालपर्यंत पाळण्याच्या चार बाजू त्याला अडवून धरत होत्या. आज रात्री दोन वाजता जाग आली, तर ते स्वतः उतरून अंधारात खोलीभर फिरू शकते. आई-वडील दिवसभराच्या कामाने दमून गाढ झोपलेले असतात. त्या घटकेला त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणीच नसते.

म्हणून या लेखाचे सार मी पहिल्यांदाच सांगून टाकतो. ज्या दिवशी लेकरू पाळण्यातून उतरेल, त्या दिवसापासून सगळी झोपायची खोली हाच त्याचा पाळणा समजावा आणि पाळण्याइतकीच ती निर्धोक करावी.

"डॉक्टरसाहेब, आम्ही इतकी लेकरं वाढवली, असलं काही केलं नाही," असे दवाखान्यात आज्जी मला नेहमी सांगतात. त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे. पण त्या काळच्या खोलीत काय होते? एक कंदील, दोन वाकळी, एक पेटी. आजच्या खोलीत कूलर आहे, मोबाईलचा चार्जर आहे, डास पळवायचे लिक्विड आहे, रिमोट आहे, आज्जींच्याच साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या आहेत आणि शेतकऱ्याच्या घरी फवारणीचे औषधही आहे. लेकरू तेच आहे, खोली बदलली आहे.

पाळणा केव्हा सोडावा?

साडीची झोळी फार लवकर सोडावी. मूल पालथे पडू लागले, कडा धरून उठू लागले की, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून, झोळी धोक्याची होते. मूल वाकून खाली पडते किंवा कापडाचा पीळ मानेला बसतो. झोळीची लोंबती टोके व दोर मोठ्या भावंडांच्या गळ्यातही अडकू शकतात. मूल झोळीत नसेल तेव्हा ती सोडून गुंडाळून ठेवावी.

झोके घेणाऱ्या पाळण्यात मूल बसू लागले किंवा कडा धरून उठू लागले की तोही बंद करावा, कारण तो कलंडतो. कठड्याचा स्थिर लाकडी पाळणा असेल तर पुढची खूण पाहावी. मूल उभे राहिल्यावर कठडा त्याच्या छातीच्या खाली येऊ लागला, किंवा त्याची उंची सुमारे ९० सेंटिमीटर, म्हणजे ३५ इंच झाली, की पाळण्याचे काम संपले. त्याआधीच मूल कठड्यावर पाय टाकून बाहेर येऊ लागले, तर वाट पाहू नये. कठड्यावरून पडणे हे पलंगावरून पडण्यापेक्षा वाईट, कारण उंची जास्त असते. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, त्यामुळे मूल डोक्यावरच पडते.

घरात दुसरे बाळ येणार असेल तर पाळणा रिकामा करायची घाई होते. हा बदल बाळ यायच्या दोन महिने आधीच करावा. ऐनवेळी केला तर "माझी जागा बाळाने घेतली" असे मोठ्याच्या मनात बसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ते रात्री उठून आईला शोधत फिरते.

जमिनीवर, बाजेवर की पलंगावर?

शहरातली पुस्तके सांगतात, गादी सरळ जमिनीवर टाका, म्हणजे मूल पडायचा प्रश्नच नाही. पुण्या-मुंबईच्या चौथ्या मजल्यावर हा सल्ला उत्तम. आपल्या नायगाव, बिलोली, देगलूर भागात, शेताच्या कडेला असलेल्या घरात, तो जसाच्या तसा घेऊ नये. कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो, उंदरांच्या मागे घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पुष्कळदा झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडते, पापण्या जड होऊन खाली पडू लागतात, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास अडखळतो. तेव्हा कुठे घरच्यांना शंका येते.

विंचवाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले दगावत असत. आपल्या मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातील देहेडचे सुपुत्र डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना या विषाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाने पुष्कळ जीव वाचतात हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे हे खरे. पण विंचू चावूच नये हे त्याहून चांगले.

म्हणून माझा सल्ला मधल्या मार्गाचा आहे. बाज किंवा पलंग असावा, पण ठेंगणा असावा. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत एक-सव्वा फूट पुरे. उंच दिवाण असेल तर सुताराकडून पाय कापून घ्यावेत. खाली दोन पदरी वाकळ किंवा जुनी गादी पसरावी. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे मच्छरदाणी लावून तिच्या चारही कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात. मच्छरदाणी डासांना अडवते, तशी साप-विंचवालाही अडवते, आणि लेकरू चटकन उतरू शकत नाही हा तिसरा फायदा. जमिनीवरच झोपायची वेळ आली तर मच्छरदाणीशिवाय झोपू नये. धान्याची पोती, जळण, कडब्याची पेंढी झोपायच्या खोलीत नको. उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो.

पलंग भिंतीला अगदी चिकटवून ठेवावा, नाहीतर हातभर दूर ठेवावा. चार-सहा बोटांची फट फार वाईट. मूल सरकत जाऊन त्यात अडकते आणि तोंड गादीत दाबले जाऊन गुदमरते. लोखंडी पलंगाच्या डोक्याकडच्या दांड्यांत मुलाचे डोके जाईल एवढी जागा असेल तर तिथे पुठ्ठा किंवा प्लाय घट्ट बांधून टाकावे. बाजेची सैल नवार ओढून घ्यावी.

गुडघ्यावर बसून खोली पाहा

आता एक सोपा प्रयोग करा. रविवारी सकाळी झोपायच्या खोलीचे दार लावून घ्या आणि गुडघ्यांवर, हातांवर रांगत खोलीला एक फेरी मारा. आपल्या लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवरून खोली कशी दिसते ते पाहा. उभ्याने जे कधीच दिसले नाही ते दिसेल. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१) वीज. पलंगाजवळचा बोर्ड मुलाच्या हाताला येतो का? रिकाम्या सॉकेटला प्लॅस्टिकची टोपणे बसवावीत, तुटलेला बोर्ड आजच बदलावा. चार्जर बोर्डाला चालू ठेवून त्याची वायर पलंगावर सोडू नये. मूल तिचे टोक तोंडात घालते. टेबलफॅनची जाळी बारीक हवी, नाहीतर बोटे कापली जातात. घराला अर्थिंग असावे आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. या एका खर्चात कंजूषी करू नये.

२) अंगावर पडणाऱ्या वस्तू. मूल कपाटाचे खण ओढून त्यांची शिडी करते व कपाट त्याच्यावरच कलंडते. टेबलावरचा टीव्हीही तसाच. कपाट व टीव्ही लोखंडी पट्टी आणि स्क्रूने भिंतीला जखडावेत. मुलाच्या डोक्यावर फळी, फोटोची जड चौकट, माळ्यावरच्या पेट्या-पातेली असू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. दगडमातीच्या भिंती व माळवदाचे ओझे त्यांच्या अंगावर आले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या भूकंपाचे धक्के आपल्या नांदेडकडेही जाणवले. घर नव्याने बांधणे प्रत्येकाला जमणार नाही. पण झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर काय आहे ते पाहून हलवणे सर्वांना जमते.

३) औषधे. माझ्या मते खोलीतला हा सर्वात दुर्लक्षित धोका. आज्जींच्या उशीखाली, आजोबांच्या खिशात, खिडकीच्या फळीवर गोळ्या असतात. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या अशा आहेत की त्यांतील एक गोळीदेखील लहान मुलाची साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते, आणि परिणाम काही तासांनी दिसतो. गरोदर आईला मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या मुलाला गोड गोळ्यांसारख्या दिसतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. १० किलो वजनाच्या मुलाला चार गोळ्यांनी त्रास सुरू होतो, दहा गोळ्या जिवावर बेततात. सर्व औषधे कुलपाच्या पेटीत ठेवावीत. मुलाला औषध देताना "चॉकलेट आहे" असे कधीही सांगू नये.

४) विषारी वस्तू. फवारणीचे औषध, उंदरांचे औषध, थिनर, पेट्रोल, फिनेल पलंगाखाली ठेवायची सवय मोडावी. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर काहीही काढून ठेवू नये. कपाटातल्या डांबरगोळ्या, डास पळवायच्या लिक्विडची बाटली हेही विषच समजावे. धान्यात कीड लागू नये म्हणून टाकायच्या सेल्फॉससारख्या गोळ्यांविषयी विशेष सांगतो. हवेतील ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो. असे धान्य असलेल्या बंद खोलीत झोपलेले अख्खे कुटुंब आजारी पडते व त्यात लहानांचा जीव आधी जातो. या विषावर उतारा नाही. झोपायच्या घरात त्या गोळ्या आणूच नयेत.

५) बारीक वस्तू. रिमोट, खेळणी, घड्याळे यांतील बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू लागते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टी गुंडाळावी. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, नाणी, मणी रात्री अंथरुणावर राहू नयेत.

६) पाणी. खोलीला लागून मोरी किंवा बाथरूम असेल तर रात्री बादल्या रिकाम्या कराव्यात. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, साठवण करावीच लागते, हे मी जाणतो. मग पिंपाला घट्ट झाकण व मोरीच्या दाराला वरून कडी हवी. डोके जड असल्यामुळे वाकलेले मूल बादलीत उलटे पडते व त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरते आणि आवाजही होत नाही.

७) दार, खिडकी व दोर. आतली कडी मुलाच्या हाताला लागत असेल तर काढून वर बसवावी. मूल आतून कडी लावून अडकले तर ते घाबरते आणि दार तोडावे लागते. बिजागरीच्या फटीत बोटे चेंगरतात. दाराला वरच्या बाजूला जाड कापड बांधले की ते पूर्ण लागत नाही. खिडकीखाली पलंग, पेटी किंवा खुर्ची नको. गजांतील अंतर मुलाचे डोके जाणार नाही इतके कमी हवे. ओढण्या, पडद्याचे दोर, गळ्यातले काळे दोरे व ताईत यांची झोपताना काळजी घ्यावी. दोरा बांधायचाच असेल तर गळ्यात न बांधता घरच्या मोठ्यांना विचारून दुसरीकडे बांधावा.

उन्हाळ्यातील दोन गोष्टी

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे अर्धे गाव गच्चीवर किंवा माळवदावर झोपायला जाते. पाळण्यातल्या मुलाला गच्चीचा धोका नव्हता. चालणाऱ्या मुलाला आहे. गच्चीला किमान साडेतीन फूट कठडा नसेल तर पाच वर्षांखालील मुलाला घेऊन तिथे झोपू नये. जिन्याच्या तोंडाला फळी किंवा दार हवे. मूल दोन मोठ्या माणसांच्या मध्ये, कठड्यापासून दूर, मच्छरदाणीत झोपवावे.

दुसरी गोष्ट कूलर. लोखंडी पत्र्याचा कूलर, त्यात पाणी आणि जुनी मोटर, म्हणजे शॉकला आमंत्रणच. कूलर खिडकीबाहेर, मुलाच्या हाताबाहेर असावा. पिन तीन पायांची व अर्थिंगची असावी. चालू कूलरमध्ये कोणीही पाणी ओतू नये.

पहिले पंधरा दिवस

जागा बदलली तरी वेळ व क्रम बदलू नये. तीच वेळ, तीच वाकळ, तेच अंगाईगीत. प्रथम दुपारची झोप नव्या जागी घ्यावी, मग रात्रीची. लेकरू उठून आले तर ओरडू नये, गप्पाही मारू नयेत. हात धरून परत नेऊन झोपवावे. पाच-सात वेळा हेच करावे लागते, मग ते शिकते. मंद प्रकाशाचा दिवा ठेवावा. झोपायच्या घरातून बाहेर व जिन्याकडे जाणाऱ्या दाराला रात्री वरची कडी घालावी. पण ती मोठ्यांना अंधारातही चटकन उघडता आली पाहिजे. मोठ्या मुलांनाही सांगून ठेवावे. गोट्या, कर्कटक, ब्लेड, सेल त्यांच्या दप्तरातूनच खाली पडतात.

तरीही काही झाले तर

मूल पलंगावरून पडून लगेच रडले, थोड्या वेळात खेळू लागले, तर बहुधा काळजीचे कारण नसते. तरी चोवीस तास लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, गुंगी, उठवूनही न उठणे, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, एक हात-पाय कमी हलवणे, टाळूवर मऊ सूज, यांपैकी काहीही दिसले तर त्वरित रुग्णालयात न्यावे.

विष किंवा गोळ्या पोटात गेल्या तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. रॉकेल, पेट्रोल, थिनर, ॲसिड यांत तर उलटी काढल्याने छातीत व घशात दुप्पट इजा होते. डबा, बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत आणावे. किती वाजता व किती, हे लिहून आणावे. मूल चांगले दिसते म्हणून घरी थांबू नये. बटण सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रे काढावा.

सापाची शंका आली तर आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. मुलाला कमीत कमी हलवून उचलून ग्रामीण रुग्णालयात न्यावे. सर्पदंशावरील लस तिथे मोफत मिळते. विंचू चावून मुलाला दरदरून घाम, उलट्या, हात-पाय गार पडणे सुरू झाले तर एक मिनिटही दवडू नये. शॉक लागलेल्या मुलाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तो क्रमांक घरातील प्रत्येकाला, आज्जींनाही, पाठ असावा. नायगावहून नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात पोहोचायला तासभर तरी जातो. म्हणून आधी जवळच्या रुग्णालयात प्रथमोपचार घ्यावेत व डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुढे न्यावे.

खर्च किती?

वाचक म्हणतील, एवढे सगळे करायला पैसा लागतो. हिशेब करून पाहा. पलंग सरकवायला पैसा लागत नाही. गोळ्या पेटीत ठेवायला, बादली रिकामी करायला, फवारणीचे औषध शेतातल्या खोपीत कुलपात ठेवायला पैसा लागत नाही. मच्छरदाणी, सॉकेटची टोपणे, दोन पट्ट्या, एक कुलूप हा एका आजारपणाच्या खर्चाहून कमी खर्च आहे. आरसीसीबी थोडा महाग पडतो, पण तो सगळ्या घराचे रक्षण करतो.

लेकराला सारखे "हे करू नको, तिकडे जाऊ नको" म्हणण्यात अर्थ नाही. दोन वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही. हात लावून पाहणे हाच त्याचा अभ्यास असतो. ते फिरणारच, ओढणारच, तोंडात घालणारच. बदल खोलीत करायचा आहे. येत्या रविवारी तासभर काढून वरील सात गोष्टी तपासाव्यात, आणि सहा महिन्यांनी मूल आणखी उंच झाले की पुन्हा एकदा तपासाव्यात. त्याचा हात तेव्हा वरच्या फळीपर्यंत पोहोचलेला असेल.